फेरारी म्हणजे कोण? तर लोहार!

नमस्कार मंडळी! लाल गाडी, पिवळ्या बिल्ल्यावर उधळलेला काळा घोडा, किंमत कोटींच्या घरात. त्या गाडीवरचं नाव मराठीत सांगायचं, तर शोरूमच्या पाटीवर लिहावं लागेल: लोहार.

थट्टा नाही. लॅटिनमध्ये लोखंडाला म्हणतात 'फेर्रुम' आणि लोखंड घडवणारा तो 'फेर्रारियुस'. त्याचंच पुढे झालं फेर्रारो, आणि उत्तर इटलीत फेर्रारी. शेवटचा 'ई' ऐकलात? तो सहसा अनेकवचनाचा धरतात. म्हणजे एकटा लोहार नाही, अख्खं घर. आपण नाही का म्हणत, "हा लोहारांकडचा पोरगा"? तेच.

आता गंमत बघा. रोस्सी, रुस्सो आणि फेर्रारी ही इटलीतली सगळ्यात जास्त आढळणारी आडनावं. मग काय, तिथे पूर्वी घरोघरी भाते चालायचे? उलट आहे. शेतकरी गावात पन्नास असायचे. 'जोवान्नी शेतकरी' म्हटलं तर कुठला जोवान्नी, हे कळणार कसं? लोहार मात्र गावात एखादाच. 'जोवान्नी लोहार' म्हटलं की विषय संपला. आणि नांगराचा फाळ, घोड्याची नाल, दाराची कडी यांच्यावाचून कुठल्याच गावाचं चालायचं नाही. म्हणून प्रत्येक गावाने आपापला फेर्रारी तयार केला. पुढे १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेने चर्चमध्ये लग्नांची नोंदवही ठेवायचा हुकूम काढला. नावं कागदावर आली आणि पक्की झाली. मुलाने ऐरण सोडली तरी आडनाव सुटेना.

प्रांत बदलला की रूप बदलतं. दक्षिणेत फेर्रारो. पिएमोंतेमध्ये फेर्रेरो. हो, तोच सोनेरी कागदातल्या चॉकलेटवाला आणि न्यूटेलावाला! म्हणजे गाडीवालाही लोहार आणि चॉकलेटवालाही लोहार. तोस्कानाकडे फाब्ब्री, पण त्याचं मूळ वेगळ्या लॅटिन शब्दात, 'फाबेर'मध्ये. आज इटलीत किल्ली आत राहून दार बंद झालं, तर लोक 'फाब्ब्रो'लाच बोलावतात. 'फेर्रारी' हाक मारून कोणी लोहार येणार नाही, गाडी आली तर नशीब.

ही गाडी काढणाऱ्या एन्झो फेरारीच्या बाबतीत मात्र योग जुळला. १८९८ साली मोदेनात जन्म, आणि वडिलांचा धंदा? धातुकामाचा कारखाना! शेकडो वर्षांनी आडनाव पुन्हा लोखंडापाशी आलं.

आणि आपल्या गोव्यातले फेरेरा? मूळ तेच, लोखंड. फक्त तो पोर्तुगीज शब्द माणसाचा नाही, जागेचा: लोखंडाची खाण किंवा भट्टी. गोव्यात ही आडनावं बाप्तिस्म्याच्या वेळी मिळाली, त्यामुळे फेरेरांचे पूर्वज लोहारच असतील असं काही नाही. आणि फर्नांडिस यात ओढू नका हं. तो फर्नांदोचा मुलगा, त्याचा लोखंडाशी काडीचाही संबंध नाही.