डिसेंबरपर्यंत थांबलेली मुलं

(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : दिवाळीनंतरची पहाट. वाडीबाहेरचा रस्ता. ट्रॅक्टरच्या मागे दोन ट्रॉल्या, त्यावर चढत जाणारा संसार]

सगळ्यात खाली बाजरीची पोती. त्यावर भांडी, पाण्याचे ड्रम, गोधड्या, खोपीसाठी बांबू आणि ताडपत्री. कोंबड्यांची पाटी शेवटी चढते, आणि तिच्या शेजारी धाकटी पोरं.

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात दिवाळी अशी संपते. मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल आधीच घेतलेली असते, ती आगाऊ रक्कम आता उसाच्या फडात ऊस तोडून फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की गावं रिकामी होतात, ती गुढीपाडव्याच्या आसपास पुन्हा भरतात.

या ट्रॉलीकडे नीट पाहा. तिच्यात दप्तरंही आहेत.

[दृश्य : जिल्हा परिषद शाळा. आठवीचा वर्ग. रिकामे बाक, हजेरीपटावरून सरकणारं बोट]

आठवीतल्या मुलांसाठी केंद्र सरकारची एक परीक्षा आहे. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती परीक्षा असं तिचं लांबलचक नाव, पण मुलं, पालक, शिक्षक सगळे तिला एनएमएमएसच म्हणतात. ती फक्त सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना देता येते. आई-वडिलांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं लागतं. म्हणजे ही परीक्षा नेमकी या वर्गासाठीच आहे, या बाकांवर बसणाऱ्या मुलांसाठी.

महाराष्ट्रात ती डिसेंबरात होते. राज्याची स्वतःची शिष्यवृत्ती परीक्षा फेब्रुवारीत. ती आधी चौथी-सातवीला होती, 2016-17 पासून पाचवी-आठवीला गेली, आणि 2025 मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरलं. इयत्ता बदलत राहिली. पण डिसेंबर काय आणि फेब्रुवारी काय, गळीत हंगाम तेव्हा ऐन भरात असतो.

म्हणून या शाळेत परीक्षेची तयारी पुस्तकानं सुरू होत नाही. ती घरोघर फिरण्यानं सुरू होते. सप्टेंबरात वर्गशिक्षिका एकेका उंबऱ्यावर जाऊन बसतात. विचारायचं एवढंच असतं : पोरीला आजीपाशी ठेवता का?

[दृश्य : आजी, चूल, भाकरी थापणारे हात. मुलगी कंदिलाशेजारी वही घेऊन]

ही मुलगी थांबली. भाऊ लहान, तो आईबरोबर गेला.

[दृश्य : सकाळी साडेआठ. शाळा भरायला अजून दीड तास. पोर्चमध्ये सतरंजी, समोर झेरॉक्सचे कागद]

आता हा कागद जवळून पाहा. उत्तरपत्रिका. ओळीत चार गोल, त्यातला एक रंगवायचा. शहरातल्या क्लासला जाणाऱ्या मुलाच्या हातात असा कागद पाचवीतच येतो. इथे काही मुलांनी तो सप्टेंबरात पहिल्यांदा पाहिला. पहिल्या दिवशी कुणी टिकमार्क केली, कुणी फुली मारली, एकानं उत्तर शब्दांत लिहिलं. उत्तरं बरोबर होती, पण उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मशिनला ती दिसली नसती.

मॅडम सांगतात : आधी कड, मग पोट.

पेनाचं टोक गोलाच्या आतल्या कडेवरून एकदा फिरते. मग मधलं पांढरं भरत जातं. शाई बाहेर जाऊ द्यायची नाही, आणि एकदा भरला की बदलायचा नाही. बॉलपेन आहे, खोडता येत नाही. दुसरी चूक याहून घातकी. सदतिसावा प्रश्न अवघड म्हणून सोडला, अडतिसाव्याचं उत्तर सदतिसाव्याच्या ओळीत भरलं, की तिथून खालचं सगळं एकेका ओळीनं घसरतं. त्यावर इलाज म्हणून प्रत्येकाच्या हातात फूटपट्टी दिली आहे. पट्टी ओळीखाली ठेवायची, आणि दर दहा प्रश्नांनी आकडा ताडून पाहायचा. ही सवय हातात बसायला दोन महिने लागतात. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर. नोव्हेंबरात ट्रॉलीत बसलेल्या पोराच्या हातात ती अर्धीच बसलेली असते.

[दृश्य : फळ्यावर दोन पेपरांची नावं]

पेपर दोन. बौद्धिक क्षमता चाचणी, 90 प्रश्न, 90 मिनिटं. शालेय क्षमता चाचणी, तिलाही 90 प्रश्न आणि 90 मिनिटं : विज्ञान 35, समाजशास्त्र 35, गणित 20. दुसऱ्या पेपरचं बरंचसं पाठ्यपुस्तकात सापडतं. पहिल्या पेपरचं कुठल्याच धड्यात नसतं, आणि मुलं अडकतात ती तिथे.

[दृश्य : बटाटा, चाकू, कुंकवाची डबी. भोवती मुलांचं कडं]

हा प्रसंग आम्ही ठरवून चित्रित केलेला नाही. कॅमेरा सुरू होता, इतकंच.

प्रश्न असा : एक घन सहाही बाजूंनी रंगवला आणि त्याचे सारख्या आकाराचे 27 तुकडे केले, तर किती तुकड्यांच्या तीन बाजू रंगीत असतील? पुस्तकातल्या आकृतीत घनाच्या तीनच बाजू दिसतात, बाकीच्या तीन डोळ्यांपुढे आणायच्या. मॅडमनी भला मोठा बटाटा घेतला, त्याच्या सहा बाजू सपाट केल्या, ओल्या कुंकवानं माखल्या. मग चाकू मुलीकडे दिला. दोन काप उभे, दोन त्यांना आडवे, दोन जमिनीला समांतर.

तुकडे सतरंजीवर पसरले, आणि मुलं मोजायला लागली. कोपऱ्यातले आठ, त्यांच्या तीन बाजू लाल. कडांवरचे बारा, दोन बाजू लाल. प्रत्येक बाजूच्या मधोमध एक, असे सहा, त्यांची एकच बाजू लाल. बेरीज झाली सव्वीस. एक राहिला. तो शोधायला थोडा वेळ गेला. तो सगळ्यांच्या पोटातला, त्याला कुंकू लागलेलंच नाही.

सूत्र त्यानंतर फळ्यावर आलं. आधी आलं असतं तर पाठ झालं असतं आणि आठवड्यात उडून गेलं असतं.

[दृश्य : भिंतीवरचं घड्याळ, समोर हातातला आरसा]

घड्याळात तीन चाळीस. आरशात आठ वीस. अकरा तास साठ मिनिटांतून वजा करा, झालं. मुलं आता आरशाशिवाय सांगतात.

[दृश्य : वहीत हातानं आखलेली दिनदर्शिका]

दिनदर्शिकेचे प्रश्न या मुलीला सगळ्यात चांगले येतात. 26 जानेवारी 2024 ला शुक्रवार होता, तर त्याच वर्षी 15 ऑगस्टला कोणता वार? लीप वर्ष आहे, फेब्रुवारीचे 29 धरायचे. मधले दिवस 202, म्हणजे 28 आठवडे आणि सहा दिवस. गुरुवार. तिनं हे तोंडी केलं. एवढा सराव कसा झाला, असं आम्ही विचारलं. तिनं वहीचं मागचं पान उघडून दाखवलं.

[दृश्य : मागचं पान. ट्रॅक्टर गेला त्या तारखेपासून पाडव्यापर्यंत चौकोन, रोज एक खोडलेला. इथे निवेदन नाही. पान पूर्ण दिसू द्यावं.]

[दृश्य : संध्याकाळ. शाळेच्या व्हरांड्यात ताटं]

आजी थकलेली, घरात दुसरं कुणी नाही. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. शाळा व्यवस्थापन समिती ती चालवते. मूल नातेवाइकाकडे राहतं, जेवण गावातच मिळतं. आम्हाला या माहितीपटात सगळ्यात जास्त काय दाखवायचं होतं, तर हे ताट. वरण, भात, भाजी, भाकरी. या ताटाच्या भरवशावर आई पोरीला मागे ठेवायला तयार होते. पण ताटाची मंजुरी ट्रॅक्टर निघण्याआधी यायला हवी. ती पंधरा दिवस उशिरा आली, तर ताट येतं आणि मूल गेलेलं असतं. कारखान्याचा धूर कुणाच्या सहीसाठी थांबत नाही.

अर्ज भरायचे तेही आधीच. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आणावा लागतो, बँकेच्या पासबुकावरचं नाव आधार कार्डाशी अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. आई-वडील गावात असतानाच हे उरकावं लागतं. मॅडमच्या कपाटातल्या या फायली त्यासाठी.

[दृश्य : डिसेंबरातला रविवार. जीपमध्ये दाटीवाटीनं मुलं. तालुक्याचं परीक्षा केंद्र, बंद फाटक]

आत कॅमेरा नेता येत नाही. त्यामुळे तुम्हाला दिसेल ते फाटक, फाटकाबाहेरची लिंबाखालची सावली, आणि दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत उघडलेले डबे. आजीनं दिलेली शेंगदाण्याची चटणी सगळ्यांत वाटली गेली. फूटपट्ट्या मात्र मुलांनी खिशातून काढल्या नाहीत.

पुढचं थोडक्यात. देशभरात दरवर्षी एक लाख शिष्यवृत्त्या, त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला 11 हजार 682. निवड झालेल्याला वर्षाला 12 हजार रुपये, नववी ते बारावी, चार वर्षं, थेट खात्यात. यादी लागली तेव्हा हंगाम सुरूच होता. या वर्गातली काही नावं यादीत आली, काही आली नाहीत. नोव्हेंबरात ट्रॉलीतून गेलेली मुलं परीक्षेलाच बसली नव्हती.

[दृश्य : शाळेचा पोर्च. मुलगी, मॅडमचा फोन कानाला. पलीकडून उसाच्या पाचटाचा आवाज, कुणीतरी हाक मारतंय. निवेदन नाही.]