सम नेमकी कुठे? ‘रिमेन इन लाइट’ची घडण

(दृश्य: फिरणारी टेपची रिळं. आवाज: फक्त ड्रम आणि बेस.)

टॉकिंग हेड्स या चार जणांच्या बँडच्या ‘रिमेन इन लाइट’ (१९८०) या अल्बममधलं ‘वन्स इन अ लाइफटाइम’ लावा आणि हाताने टाळी धरा. एक, दोन, तीन, चार. सम सापडली असं वाटतं. मग कान बेसकडे जातो आणि शंका येते.

ही शंका गाण्यात रेकॉर्डिंगच्या वेळीच शिरली. बँड जिला तिसरी मात्रा धरत होता, तिलाच निर्माता ब्रायन ईनो सम समजत होता. चार मात्रांच्या आवर्तनात दोघांची सम दोन मात्रांनी वेगळी. आपल्याकडे तबलजी आणि गायकाचं असं झालं तर मैफल तिथेच कोसळते. इथे मात्र ती गडबड मुद्दाम राखली, वर बाकीच्यांनाही ताल आपापल्या परीने ऐकून वाजवायला सांगितलं. एका गाण्याला दोन तोल मिळाले ते असे.

(दृश्य: नासाऊचा किनारा. तारीख: जुलै १९८०.)

बहामाजमधल्या नासाऊला कंपास पॉइंट स्टुडिओ होता, आयलंड रेकॉर्ड्सच्या ख्रिस ब्लॅकवेलने उभारलेला. बँडचे चौघंही तिथे आले तेव्हा कोणाकडे गाणी नव्हती. हे ठरवूनच. आधीच्या तीन अल्बममध्ये गाणी बँडचा गायक डेव्हिड बर्न लिहायचा आणि बँड ती बसवायचा. या वेळी आधी ताल, मग थर, आणि शब्द अगदी शेवटी.

दिशा दाखवली होती बँडच्याच १९७९च्या ‘आय झिम्ब्रा’ या गाण्याने, आणि त्यामागे नायजेरियाच्या फेला कुटीचं अॅफ्रोबीट. त्या संगीतात एकच वादक फार काही वाजवत नाही. प्रत्येकाकडे एक छोटा तुकडा, तोच पुन्हा पुन्हा. गुंतागुंत तयार होते ती तुकडे एकमेकांच्या फटीत बसल्यामुळे.

आता काम कसं चालायचं ते बघू.

ख्रिस फ्रँट्झ ड्रमवर, टीना वेमथ बेसवर. काही वेळ नुसतं वाजवत राहायचं. त्यातली एक-दोन बारची (म्हणजे एक-दोन आवर्तनांची) एखादी लकेर जमली की तेवढीच उचलायची आणि टेप चालेल तोवर घोटायची. आज हे काम संगणक एका कळीवर करतो. १९८०मध्ये माणसालाच लूप व्हावं लागायचं. पाच-सहा मिनिटं तोच तुकडा, लय न ढळता आणि नवीन काही सुचलं तरी हात आवरून. हात आवरणंच अवघड. मध्येच कोणी हौसेने एक हरकत घेतली, तर पुढचे थर त्या जागी अडखळणार.

मग गिटार, जेरी हॅरिसनचा कीबोर्ड, तालवाद्यं. एकेक थर वेगळ्या ट्रॅकवर. इथे मुख्य अडचण दिसते ती अशी, की बहुतेक गाण्यांत कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गट, बदलतच नाही. अंतरा आणि ध्रुवपद दोन्ही एकाच कॉर्डवर उभे. कॉर्ड बदलली की ऐकणाऱ्याला कळतं, गाणं पुढे सरकलं. ती सोयच काढून टाकल्यावर पुढे सरकायचं कसं?

(दृश्य: मिक्सिंग डेस्क. एक बोट बटण दाबतं, गिटार गायब. पुन्हा दाबतं, गिटार हजर.)

असं. सगळे थर टेपवर अखंड चालू आहेत आणि डेस्कवर ते उघडायचे, बंद करायचे. हे चार ट्रॅक उघडे म्हणजे अंतरा, ते सहा उघडे म्हणजे ध्रुवपद. गाण्याची रचना वाजवताना ठरत नव्हती, डेस्कवर ठरत होती.

ही पद्धत सगळ्यांना मानवली नाही. ध्वनिमुद्रक ऱ्हेट डेव्हिस सुरुवातीलाच काम सोडून गेला. पुढचं काम स्टीव्हन स्टॅनली आणि नंतर डेव्ह जर्डन यांनी सांभाळलं.

तरी खरा घोळ गायनाचा. कॉर्ड हलत नाही, म्हणजे गायकाला टेकायला काहीच नाही. सगळं नाट्य चालीतून आणि उच्चारातून आणायचं. बर्नचं लिहिणं अडलं. त्याने वेळ मागून घेतला. आधी निरर्थक अक्षरांवर चाल गुणगुणायची, ती पक्की झाली की त्या अक्षरांच्या वजनाचे शब्द शोधायचे. अमेरिकन रेडिओवरच्या धर्मोपदेशकांची प्रवचनं तो ऐकत होता. त्यांचा चढता-उतरता सूर ‘वन्स इन अ लाइफटाइम’च्या अंतऱ्यात सरळ उतरलाय. ते गाणं ईनोला आधी फारसं रुचलं नव्हतं आणि जवळजवळ टाकून दिलं जाणार होतं. नंतर त्यानेच शब्दांशिवाय ध्रुवपदाची चाल गाऊन दाखवली.

‘क्रॉसआइड अँड पेनलेस’मधला बोलता भाग कर्टिस ब्लोच्या ‘द ब्रेक्स’वरून सुचलेला. म्हणजे रॅप, तेही १९८०मध्ये.

न्यू यॉर्कच्या सिग्मा साउंड स्टुडिओमध्ये पाहुणा गिटारवादक एड्रियन बेल्यूने गिटार भरली. ‘द ग्रेट कर्व्ह’मधला त्याचा सोलो एकदा हेडफोन लावून ऐका. गिटार ओरडते, हिंदकळते, पण खालचा ठेका तसूभर हलत नाही. नोना हेंड्रिक्सने पाठीमागचे आवाज दिले, आणि ‘हाउसेस इन मोशन’मधला तो विचित्र ट्रम्पेट जॉन हॅसलचा.

(दृश्य: मुखपृष्ठ, हळूहळू जवळ.)

चार चेहरे, त्यांवर लाल रंगाचे मुखवटे. वेमथ आणि फ्रँट्झ यांनी एमआयटीतल्या संशोधकांबरोबर ते संगणकावर रंगवले. पर्वतांवरून उडणारी लढाऊ विमानं मूळची पुढच्या बाजूसाठी होती, शेवटी ती मागे गेली. ही अॅव्हेंजर विमानं म्हणजे वेमथच्या नौदलातल्या वडिलांना केलेला सलाम. बँडच्या नावातले ए उलटे छापलेत, ही कल्पना टिबोर कालमनच्या डिझाइन संस्थेची.

८ ऑक्टोबर १९८० रोजी सायर कंपनीने अल्बम काढला. आठ गाणी, सुमारे ४० मिनिटं. तबकडीच्या पहिल्या बाजूला तीन धावती गाणी. दुसऱ्या बाजूला पाच, आणि लय उतरत उतरत शेवटच्या ‘द ओव्हरलोड’पाशी अक्षरशः चिखलात रुतते. कोणाला ते शेवटचं गाणं कंटाळवाणं वाटतं. वाटू दे. पहिली बाजू संपल्यावर लगेच ते लावलं तर वाटणारच. क्रमाने ऐकलं तर त्याचं वजन कळतं.

अमेरिकेत अल्बम १९व्या क्रमांकापर्यंत गेला, ब्रिटनमध्ये २१व्या.

श्रेयावरून मात्र बिनसलं. पहिल्या छपाईत बहुतेक गाण्यांवर फक्त बर्न आणि ईनो यांची नावं होती. बाकीच्यांनी हरकत घेतली आणि पुढे सगळ्यांची नावं आली. भांडण समजण्यासारखं आहे. शब्द आणि चाल लिहिणारा तो गीतकार-संगीतकार, हा जुना हिशेब. पण ज्या गाण्याचा पायाच दोन बारच्या बेसवर उभा आहे, तिथे तो हिशेब लागत नाही.

मंचावर आणखी एक पंचाईत. टेपवरचे थर चार माणसांच्या हातात मावेनात. २३ ऑगस्ट १९८० रोजी, अल्बम बाजारात यायच्या आधीच, टोरोंटोजवळच्या हीटवेव्ह महोत्सवात बँड नऊ जणांचा झाला: बेल्यू, फंकाडेलिक या बँडचा बर्नी वॉरेल कीबोर्डवर, बस्टा जोन्स दुसऱ्या बेसवर, स्टीव्ह स्केल्स तालवाद्यांवर, डोलेट मॅकडोनल्ड गायनाला.

(दृश्य: रिकामा मंच, एकच ड्रमसेट. तारीख: २०१८.)

बेनिनमध्ये जन्मलेली गायिका अँजेलिक किडजो हिने २०१८मध्ये अख्खा अल्बम नव्याने गायला, क्रम तोच, आठही गाणी. त्यात ड्रमवर टोनी अॅलन आहे. फेला कुटीच्या बँडमध्ये ज्याच्या हातून अॅफ्रोबीटचा ठेका घडला, तो टोनी अॅलन.