चकतीच्या पोटात

(पडद्यावर: गॅसची शेगडी, चिमटा, स्टीलच्या वाटीत थंड पाणी)

आवाज ऐका. टच्च!

ज्योतीवर कडकडीत तापलेली जीवाश्माची चकती पाण्यात पडली, की नशीब असेल तर बरोबर मधोमध उकलते. शेंगदाण्याच्या दोन पाकळ्या व्हाव्यात तशी. नशीब नसेल तर चुरा.

नौपाड्यातल्या जुन्या इमारतीतलं हे स्वयंपाकघर. सर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले आणि प्रयोगशाळा ओट्यावर आली. हा चिमटा त्यांचा वेगळा. पोळ्यांच्या चिमट्याला हात लावायचा नाही, असा घरचा नियम आहे.

ठाण्याच्या दगडात ही चकती मिळायची नाही. येऊर घ्या, मुंब्र्याचा डोंगर घ्या, सगळा लाव्हाचा काळा कातळ. ही आली कच्छहून. सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ, उबदार समुद्र होता. त्याच्या तळाशी राहणाऱ्या एकाच पेशीच्या जिवाने, फोरॅमिनिफेराने, बांधलेलं हे चुन्याचं घर. गिझाच्या पिरॅमिडचा चुनखडक अशाच चकत्यांनी भरलेला आहे. पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांच्या जेवणातली मसूर दगड झाली, असं तिथले लोक सांगतात, हे प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने लिहून ठेवलंय. मसूर खरंच आठवते, हेही खरं.

(पडद्यावर: बिस्किटांचा डबा, पिवळी पडलेली चिठ्ठी)

चकती ज्या डब्यातली, त्याच्या चिठ्ठीवर ‘न्युम्युलाइट्स’. हे नाव फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने १८०१ मध्ये दिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ छोटं नाणं. सरांना मात्र चिठ्ठी पटलेली नाही.

भिंग जवळ न्या. चकतीच्या बाहेरूनच वेटोळी दिसतायत, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी. न्युम्युलाइट्समध्ये प्रत्येक नवं वेटोळं आधीच्याला दोन्ही बाजूंनी पांघरूण घालतं. जुनं आत दडतं. त्याच्याच नात्यातल्या असिलिनात तसं नाही, तिथे सगळी वेटोळी उघडी. पण नुसत्या भिंगावर निकाल द्यायचा नाही. पाण्यापावसाने झिजलेला न्युम्युलाइट्सही आतली वेटोळी दाखवतो. आकारावर तर अजिबात जायचं नाही: एकाच जातीत दोन पिढ्यांची कवचं वेगळी असतात. एकाचा पहिला कप्पा, म्हणजे कवचाची सगळ्यात आतली खोली, मोठा आणि चकती लहान, दुसऱ्याचा पहिला कप्पा बारीक आणि चकती मोठी. या जोड्यांना पूर्वी दोन-दोन नावं दिली गेली.

उकललेल्या अर्ध्यात वेटोळी मोजता येतात, कप्प्यांमधले पडदे किती तिरके ते कळतं. पण पांघरूण आहे की नाही, ते इथे कळत नाही. त्यासाठी दुसरी चकती उभी घासायची.

(पडद्यावर: काचेवर कार्बोरंडमची, म्हणजे घासायची कठीण पूड, पाणी, गोल फिरणारं बोट)

घासायचं, धुवायचं, बघायचं. पुन्हा घासायचं. पहिला कप्पा दिसला की थांबायचं. एक हात जास्त फिरला तर तो कप्पाच जातो. आम्ही पाऊण तास कॅमेरा धरून उभे होतो. सरांनी मान वर केली नाही.

हे पाहा. न्युम्युलाइट्स असता तर कप्पे एकमेकांवर घातलेल्या इंग्रजी व्ही अक्षरांसारखे दिसले असते, त्यांचे पाय मध्यापर्यंत पोचलेले. इथे कप्पे आपापल्या वेटोळ्यातच थांबलेत.

तेलविहिरीतून निघालेल्या चुऱ्याचं वय फोरॅमिनिफेराच्या कवचांवरून ठरवतात, ते अशाच ओळखीच्या जोरावर. ही इमारत पुढच्या वर्षी पुनर्विकासात पाडली जाणार आहे. डब्यांना अजून जागा नाही.

(पडद्यावर: भिंतीलगत डब्यांची रांग, मग सरांचा हात)

सरांनी जुनी चिठ्ठी काढली नाही. तिच्यावरच आडवी रेघ मारली, खाली पेन्सिलीने लिहिलं: असिलिना. आणि पुढचा डबा उघडला.