एका वॉर्डाची रिकामी खुर्ची

[दृश्य: उत्तर गोव्यातल्या साखळी गावाचा सोमवारचा बाजार. तांबडी भाजी, सुकी मासळी, गुळाच्या ढेपा. मागे कदंब बसचा, म्हणजे गोव्याच्या एसटीचा, हॉर्न.]

निवेदन:
सोमवार म्हणजे साखळीत बाजाराचा दिवस. आजूबाजूच्या गावांतून माणसं येतात, भाजी घेतात, बाजार होईतो चार बातम्याही घेऊन जातात. इथं बोलणं कोंकणीतून आणि पेपर वाचणं मराठीतून, त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. आज मासळीवालीसमोर एकच वाक्य फिरतंय: ‘नगरसेवकान राजिनामो दिलो खंय.’

हे ‘खंय’ महत्त्वाचं. म्हणे. ऐकिवात. कागद कुणी पाहिलेला नाही, पण कारण प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं.

आम्ही ज्या वॉर्डाची गोष्ट सांगतोय त्याचं नाव मुद्दाम घेत नाही. तो गोव्यातल्या कुठल्याही लहान पालिकेतला वॉर्ड समजा. नाव घेतलं की गोष्ट त्या माणसाची होते: कुणी दिला, कुणाच्या सांगण्यावरून दिला, पुढं कुठल्या पक्षात चालला. आम्हाला तो उठल्यावर मागं राहिली त्या खुर्चीची गोष्ट सांगायची आहे.

[दृश्य: पालिकेचं सभागृह. रिकामं. पंखा फिरतोय. टेबलांवर नावाच्या पाट्या.]

निवेदन:
गोव्यात १३ नगरपालिका आहेत आणि पणजीची एक महानगरपालिका. पालिकांचा कारभार १९६८ च्या गोवा नगरपालिका कायद्यानं चालतो, पणजीसाठी २००२ चा वेगळा कायदा आहे. पणजीत ३० वॉर्ड, मडगाव आणि मुरगावला पंचवीस-पंचवीस, म्हापशाला २०. पेडणे किंवा वाळपईसारख्या ठिकाणी फक्त दहा. एवढ्या लहान गावात वॉर्ड म्हणजे दोन-तीन वाडे, एक देऊळ, एक शाळा, एखादं बसस्टँड, आणि मतदार हजाराच्याही आत. नगरसेवक कुणाच्या ना कुणाच्या नात्यातला असतोच. नसलाच, तर बारशाला जेवून गेलेला असतो.

म्हणूनच त्याचा फोन दिवसभर वाजतो. खरं तर वीज सरकारी खात्याकडे, नळाचं पाणीही सरकारी खात्याकडे. नगरसेवकाच्या हातात कचरा, गटारं, आतले रस्ते, बाजार, घरपट्टी असली कामं. पण रात्री अकराला दिवे गेले तर वीज खात्याचा नंबर शोधत कोण बसणार? माणूस नगरसेवकालाच फोन लावतो. आणि तो उचलतोही, कारण पुढच्या वेळी सात मतांनी पडायचं नसतं.

[दृश्य: अर्धवट उपसलेलं गटार. काठावर गाळाचे ढीग.]

निवेदन:
राजीनामा मंजूर झाला की हा फोन बंद पडतो. मे महिना असेल तर आणखीच पंचाईत. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात दारात येतो, त्याआधी गटारं उपसली गेली पाहिजेत. कामगार येतात, अर्धं गटार उपसतात, गाळ काठावरच टाकून जातात. तो गाळ उचलायला कुणी सांगायचं? पालिकेत मुख्याधिकारी आहेत, पण त्यांच्याकडे सगळंच गाव. शेजारच्या वॉर्डाचा नगरसेवक ‘बघतो’ म्हणतो. तो बघतोही, पण आधी आपल्या बाजूचं.

पालिकेचं काम मात्र थांबत नाही. एक जागा रिकामी आहे म्हणून बैठक बेकायदा ठरत नाही. ठराव होतात, निविदा निघतात, रस्त्यांचे पैसे वाटले जातात. एवढंच, की त्या वाटणीच्या वेळी या वॉर्डाच्या वतीनं टेबलावर हात आपटणारं कुणी नसतं.

[दृश्य: सभागृहाचा वरून घेतलेला शॉट. खुर्च्यांचा अर्धगोल, एक रिकामी.]

निवेदन:
आता गणित बघा, कारण लहान पालिकेत सगळा खेळ गणिताचा. समजा तेरा जणांची पालिका. सत्तेत सात, विरोधात सहा. सातातल्या एकानं राजीनामा दिला. सहा-सहा. परवापर्यंत निवांत बसलेल्या नगराध्यक्षांना त्या रात्री झोप लागत नाही. आणि ज्या वॉर्डाकडे गेली तीन वर्षं कुणी वळून पाहिलं नव्हतं, तिथं अचानक दोन्ही बाजूंच्या गाड्या उभ्या राहू लागतात.

गोव्याच्या पालिकांमध्ये निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. उमेदवारांना मोकळी चिन्हं मिळतात. कागदावर सगळे अपक्ष. पण कुठलं पॅनल कुणाचं हे वॉर्डातलं शेंबडं पोरही सांगेल. आमदाराचं एक, त्याच्या विरोधकाचं एक, आणि कधीकधी आमदारावर रुसलेल्या त्याच्याच माणसांचं तिसरं. या सोंगाचा एक परिणाम असा की पक्ष बदलल्याचा ठपका कुणावर येत नाही. पक्षच नाही, तर पक्षांतर कसलं? सकाळी या गटात, संध्याकाळी त्या गटात. विधानसभेतली पक्षांतरं देशभर गाजतात, पण त्या शाळेचा पहिलीचा वर्ग पालिकेत भरतो, असं आम्हाला वाटतं.

एकेका हाताची किंमत किती ते मडगावनं दाखवलं. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथं नगराध्यक्षाची निवड गुप्त मतदानानं झाली आणि सत्ताधाऱ्यांचं गणित पेटीतच उलटलं. लगोलग सरकारनं वटहुकूम काढला: यापुढं नगराध्यक्षाची निवड हात वर करून. तेव्हापासून पोटनिवडणुकीत निवडून येणारा नवा माणूस कुणाबरोबर आहे हे लपत नाही. नगराध्यक्ष निवडायची वेळ आली की त्याचा हात सगळ्यांना दिसतो.

[दृश्य: सरकारी कार्यालयाचा लांब व्हरांडा. फायलींचे गठ्ठे. शिक्का मारण्याचा आवाज.]

निवेदन:
मग खुर्ची भरायची कुणी? अमेरिकेतल्या कित्येक शहरांत उरलेले सदस्य अर्ज मागवतात, सगळ्यांसमोर मुलाखती घेतात आणि आपणच एकाला नेमून टाकतात. काम लवकर होतं, खर्च वाचतो. आपल्याकडे तो रस्ता नाही. पालिकेच्या कामाची विशेष जाण असलेल्या माणसांना सरकारनं सभागृहात घ्यावं, एवढी सोय राज्यघटनेत आहे, पण त्यांना मत देता येत नाही. वॉर्डाच्या वतीनं मत द्यायचं असेल तर वॉर्डानं निवडून दिलेलाच हवा. आम्हाला हे बरं वाटतं. वर सांगितलेलं सहा-सहाचं गणित आठवा, आणि उरलेल्या बारा जणांनी तेरावा निवडायला घेतला तर काय होईल याची कल्पना करा.

पण लोकांनी निवडायचं म्हणजे कधी, हे कोण ठरवणार?

सबंध पालिका बरखास्त झाली तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्या, असं राज्यघटनेनं बजावलंय. एकट्या नगरसेवकाच्या खुर्चीसाठी राज्यघटनेत असा आकडा नाही. तारीख राज्य निवडणूक आयोग काढतो. आयोगाकडे वॉर्डाप्रमाणे मतदार यादी तयार लागते, आणि ती विधानसभेची यादी तोडून बनते. तोडताना एकाच घरातले नवरा-बायको दोन वॉर्डांत गेले, असं म्हणत कुणी ना कुणी मामलेदार कचेरीत जातंच. वर एका वॉर्डासाठी सगळी यंत्रणा हलवायची म्हणून आयोग बहुतेकदा दोन-चार निवडणुकांची मोट बांधतो.

साखळीतला एक वॉर्ड असाच एका मोटेतून आला. २० मार्च २०२१, शनिवार. त्या दिवशी पणजी महानगरपालिका आणि सहा नगरपालिकांचं मतदान होतं. सोबत नावेलीची जिल्हा पंचायतीची जागा, साखळी पालिकेचा एक वॉर्ड आणि काही पंचायतींतले रिकामे वॉर्ड. मोजणी सोमवारी झाली, २२ तारखेला. म्हणजे ऐन बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी भाजीचा भाव कुणी विचारला असेल का, शंकाच आहे.

[दृश्य: पणजीतली उच्च न्यायालयाची जुनी इमारत, बाहेरून. नंतर जुन्या वर्तमानपत्रांचे मथळे.]

निवेदन:
त्याच मार्चमधली दुसरी गोष्ट इथं सांगायलाच हवी. मडगाव, म्हापसा, मुरगाव, केपे आणि सांगे या पाच पालिकांचं वॉर्ड आरक्षण चुकलंय, असं म्हणत लोक उच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं ते आरक्षण रद्द केलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथंही हरलं. १२ मार्च २०२१ च्या निकालात न्यायालयानं आणखी एका गोष्टीवर बोट ठेवलं. त्या वेळी गोव्याचे राज्य निवडणूक आयुक्त म्हणून सरकारचे कायदा सचिवच काम पाहत होते. सकाळी सरकारचे नोकर, दुपारी सरकारपासून स्वतंत्र आयुक्त. हे चालणार नाही, असं न्यायालयानं ठणकावलं: सरकारात पद असलेला माणूस आयुक्त होऊ शकत नाही, गोव्यातच नव्हे, देशात कुठंही नाही. पाच पालिकांचं मतदान मग नव्या आरक्षणानं २३ एप्रिलला झालं.

पाच पालिकांचा हा वाद रिकाम्या खुर्चीच्या गोष्टीत का आणला? कारण तारीख ज्याच्या हातात, त्याच्या हातात पाऊण निवडणूक. पोटनिवडणूक लांबली की वॉर्ड विसरतो. लवकर झाली की राग ताजा असतो. कुणाला काय सोयीचं हे वेळोवेळी बदलतं, म्हणून कॅलेंडर कुठल्याच सोयवाल्याकडे नसलेलं बरं.

उशीर किती होतो? एक उदाहरण. मार्च २०२२ च्या विधानसभा निकालात दवर्ली आणि कुठ्ठाळी इथले जिल्हा पंचायत सदस्य आमदार झाले. त्यांच्या जागांसाठी मतदान झालं १६ ऑक्टोबरला. सात महिने. म्हणजे सगळा पावसाळा गेला, चतुर्थी गेली, दसराही गेला.

[दृश्य: संध्याकाळ. घराच्या पडवीत चार माणसं. चहाचे कप. भिंतीवर उमेदवाराचा कागद.]

निवेदन:
तारीख लागली, आचारसंहिता लागली. अर्ज भरले, छाननी झाली, मागे घेणाऱ्यांनी मागे घेतले. हा भाग सगळीकडे सारखाच, सोडून देऊ. खरी निवडणूक इथं पडवीत होते.

इथं यादी मतदारांची नसते, घरांची असते. हे घर आपलं. हे त्यांचं. या घरात सासरे आपले, पण सून तिकडची. या घरातला मुलगा बोटीवर आहे, मतदानाला येणार नाही, एक मत वजा. ती मुलगी पणजीला नोकरीला आहे, तिला सकाळच्या बसनं आणायचं. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जुन्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला मतदान केंद्रापर्यंत गाडी हवी, पण ती कुणाच्या गाडीतून आली यावरून तिचं मत कळत नाही. तशी ती पक्की आहे. हजार मतदारांच्या वॉर्डात पन्नास घरांचा हिशेब पक्का झाला की निकाल अर्धा लागला.

वॉर्ड महिलांसाठी राखीव असेल तर पोटनिवडणुकीतही तो राखीवच राहतो. मग पडवीत उमेदवार बाई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी, आणि ‘आम्ही उभे आहोत’ म्हणत हात जोडणारे तिचे यजमान. दरवेळी असंच होतं असं नाही. निवडून आल्यावर यजमानांना बाहेर बसवून फायली स्वतः वाचणाऱ्या बायकाही आहेत. पण प्रचाराच्या कागदावर फोटो किती, आणि त्यातला मोठा कुणाचा, हे एकदा नीट पाहा.

या सगळ्यात एक प्रश्न आम्हाला पडवीत ऐकू आला नाही. आधीच्या माणसानं राजीनामा का दिला? तो आजारी होता, कंटाळला होता, की कुणी द्यायला लावला? त्यानं वॉर्डाला काही सांगितलं का? पाच वर्षांसाठी मागितलेलं मत तीन वर्षांत परत केलं, तर निदान घरोघर फिरून कारण सांगावं, असं कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही. मत मागायला तो प्रत्येक दारात गेला होता.

[दृश्य: मोजणी केंद्राबाहेर गर्दी. एकाच्या हातात फटाक्यांची माळ, पेटवावी की नको या विचारात.]

निवेदन:
एका वॉर्डाची मोजणी चहा निवण्याआधी संपते. बाहेर आरडाओरडा, गुलाल, माळ फुटते. हरलेल्या बाजूचा एकजण मोबाईलमध्ये पाहत हळूच बाजूच्या गल्लीत शिरतो. तिथूनच तो उद्या जिंकलेल्याच्या घरी पेढे खायला जाणार आहे. शेजारी आहेत ना.

[दृश्य: सभागृह. शपथ. नवी पाटी टेबलावर ठेवली जाते.]

निवेदन:
नव्या नगरसेवकाला नवी पाच वर्षं मिळत नाहीत. जुन्याची उरलेली तेवढीच. समजा दीड वर्ष. त्यातले काही महिने कामकाज समजून घेण्यात, काही पुढच्या निवडणुकीच्या आचारसंहितेत. शिवाय सार्वत्रिक निवडणुकीआधी वॉर्डांचं आरक्षण फिरतं. आज सर्वसाधारण असलेला वॉर्ड उद्या महिलांसाठी जाईल, किंवा इतर मागासवर्गीयांसाठी.

शपथेनंतरच्या चहाला कोपऱ्यात दोघंजण त्यावरच बोलत उभे आहेत. वॉर्ड महिलांसाठी गेला तर यांच्या घरातून कोण? सून की बहीण?

[दृश्य: खिडकीबाहेर पाऊस. काठावरचा गाळ परत गटारात वाहत जातोय.]