झोप, कंबर आणि कामाची वाटणी: घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांसाठी

नमस्कार श्रोतेहो. ज्यांच्या घरात वय झालेलं माणूस अंथरुणाला खिळलेलं आहे, पक्षाघातानं म्हणा, खुब्याचं हाड मोडल्यानं म्हणा, त्या घरांसाठी आजचं बोलणं आहे. त्यातही बोलायचं आहे ते उशाशी बसणाऱ्याशी. बहुतेक घरांत ती सून असते किंवा मुलगी, कधी स्वतःच सत्तरीला आलेली बायको. पाहुणे भेटायला येतात, आजोबांची विचारपूस करतात आणि निघताना उंबऱ्यावर तिला म्हणतात, "तूही स्वतःकडे लक्ष दे हं." ते नेमकं कसं द्यायचं, हे मात्र कुणी सांगत नाही.

ताण म्हटला की सल्ले मनासाठी येतात. प्राणायाम करा, नामस्मरण करा, सकारात्मक राहा. त्यानं बरं वाटत असेल तर जरूर करावं. पण रुग्ण सांभाळणाऱ्याचा ताण मुख्यतः तीन जागी साठतो: तुटक झोपेत, कमरेत, आणि एकट्याच्याच डोक्यावर राहिलेल्या कामांत आणि निर्णयांत. या जागा तशाच ठेवून मन शांत होत नाही. म्हणून आधी झोपेचं बघू, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथे होतं.

रुग्ण रात्री कशासाठी उठवतो, हे तीन रात्री वहीत लिहून काढा. वेळ आणि कारण, एवढंच. बहुतेक वेळा लघवीच निघते. मग गोळ्या बघा. फ्युरोसेमाइडसारखी लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी दिली जात असेल तर ती रात्र मोडणारच. ती सकाळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. पायांवर सूज असेल तर दिवसभर पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर पुन्हा रक्तात येतं आणि रात्री लघवी होते. दम लागत नसेल तर दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवून झोपवा, म्हणजे त्यातलं बरंचसं पाणी संध्याकाळपर्यंत निघून जातं. एक चूक फार घरांत होते: रात्री उठावं लागू नये म्हणून पाणीच कमी करतात. त्यानं बद्धकोष्ठता होते, लघवीचा संसर्ग होतो, माणूस बरळायला लागतं आणि रात्री आणखी वाईट जातात. दिवसाचं पाणी तेवढंच ठेवा, त्यातलं बहुतेक संध्याकाळी सहाच्या आत द्या आणि चारनंतरचा चहा बंद करा. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारासाठी डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल तर तेच पाळायचं.

दुसरं कारण म्हणजे दिवसाची झोप. खोलीत पडदे ओढलेले, टीव्ही चालू, रुग्ण दुपारभर झोपलेला. मग रात्री दोन वाजता तो टक्क जागा असतो. सकाळी खिडकी उघडा, त्याला उजेडात बसवा, दुपारची झोप तासाभरावर जाऊ देऊ नका. आणि झोपेसाठी घरातली सर्दीची किंवा अ‍ॅलर्जीची गोळी कृपा करून देऊ नका. फेनिरामिन, क्लोरफेनिरामिन ही जुनी औषधं म्हाताऱ्या माणसाची लघवी अडवतात, शौच कोंडतात आणि डोक्यात गोंधळ घालतात. माणूस झोपलेलं दिसतं आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांना ओळखत नाही.

कूस बदलायलाही उठावं लागतं. साध्या गादीवर दर दोन तासांनी कूस बदलणं हा नेहमीचा नियम. पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कलतं ठेवायचं, पूर्ण कुशीवर नाही, कारण मग सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पोटरीखाली उशी ठेवून टाचा अधांतरी सोडायच्या. हवेची गादी घेतली असेल आणि कातडी रोज तपासून निर्दोष असेल, तर रात्रीचं अंतर वाढवता येतं. किती, ते डॉक्टरांनी किंवा नर्सनं कातडी बघून ठरवावं. तेवढ्या एका निर्णयानं सांभाळणारीला सलग झोप मिळू शकते, म्हणून तो मुद्दाम विचारून घ्या. मात्र त्या गादीचा पंप अखंड चालू लागतो आणि तिच्यावर एकच पातळ चादर हवी. वर गोधडी, मेणकापड आणि आणखी एक चादर अंथरली की गादीचा उपयोग संपला. कमरेच्या खालच्या बाजूनं गादीखाली तळहात सरकवून बघा: हात आणि शरीर यांच्यामध्ये किमान इंचभर हवा जाणवली पाहिजे.

कातडी लाल दिसली तर बोटानं दाबा. दाबल्यावर फिकी पडली आणि पुन्हा लाल झाली तर भार कमी करून लक्ष ठेवा. दाबूनही रंग बदलला नाही तर शय्याव्रणाची, म्हणजे एकाच जागी भार येऊन होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे जांभळट काळपट डाग, गरमपणा किंवा कडकपणा शोधा. त्या जागी चोळू नका, पावडर थापू नका, आणि भोक असलेली रबरी रिंग खाली ठेवू नका. ती भोवतीचा रक्तपुरवठा दाबून जखम वाढवते.

आता रात्र वाटून घेण्याचं. घरात दोघं असतील तर प्रत्येक रात्र अर्धी अर्धी करण्यापेक्षा एकेक रात्र आळीपाळीनं घ्या. निदान एकाला तरी पुरी झोप मिळते. ब्युरोतून मदतनीस मावशी ठेवायची ऐपत एकाच पाळीची असेल, तर लोक बहुधा दिवसाची पाळी घेतात. आमचं मत उलट आहे. आठवड्यातून दोन रात्री जरी मावशी मिळाल्या तरी घ्या, आणि त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपा. रुग्ण शुद्धीवर आणि समजूतदार असेल तर एरवीही बिनतारी घंटी आणून तिचं बटण त्याच्या हाताशी ठेवा. त्याच्या प्रत्येक खोकल्याला कान टवकारून पडून राहण्यापेक्षा ते पुष्कळ बरं.

कमरेकडे येऊ. पलंगावरून खुर्चीत नेताना पाठ मोडते, कारण आपण माणसाला उचलायला जातो. त्याला उचलायचं नाही, वळवायचं आहे. चाकाची खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला, पलंगाला जवळजवळ टेकवून, थोडी तिरकी लावा. ब्रेक लावा, पायांच्या पट्ट्या बाजूला करा. रुग्णाला कुशीवर वळवा, पाय पलंगाखाली सोडा आणि कोपराच्या आधारानं उठून बसू द्या. बसल्यावर एक-दोन मिनिटं थांबा. पडून असलेल्या माणसाचा रक्तदाब उठताना उतरतो आणि चक्कर येते. तळवे जमिनीवर सपाट हवेत, गुळगुळीत मोजे नकोत. त्याच्या कमरेला, तुम्हाला धरायला, रुंद पट्टा बांधा, तो सर्जिकल दुकानात मिळतो. त्याच्या कमजोर गुडघ्याला तुमच्या गुडघ्याचा टेकू द्या, त्याला पुढे वाकायला सांगा आणि "एक, दोन, तीन" म्हणून दोघांनी मिळून उठा. तुमची पाठ सरळ, गुडघे वाकलेले, आणि वळताना कंबर न पिळता पावलं टाकायची.

पक्षाघात झालेला हात धरून ओढू नका, काखेत हात घालून उचलू नका. तो खांदा निखळतो आणि नंतर महिनोन् महिने दुखतो. आणि रुग्णाला तुमच्या मानेला मिठी मारू देऊ नका. तो पडताना तुमची मान धरूनच पडतो. पडायला लागलाच तर अडवण्याची झुंज नको. डोकं सांभाळून त्याला तुमच्या मांडीवरून हळूच खाली सरकू द्या. पडल्यावर लगेच उचलूही नका. एक पाय आखूड दिसतोय, बाहेर वळलाय, किंवा मांडीच्या सांध्यात कळ आहे, असं असेल तर हलवायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

पलंगावर वर सरकवायचं असेल तर खांद्यापासून मांडीपर्यंत दुमडलेली चादर आधीच खाली ठेवा, उशाकडचा भाग सपाट करा, आणि दोघांनी दोन बाजूंनी चादर धरून सरकवा. हे काम एकट्यानं करू नये. भाड्याच्या हॉस्पिटल पलंगाची उंची कमीजास्त होत असेल तर अंग पुसताना आणि डायपर बदलताना तो तुमच्या कमरेच्या उंचीला घ्या, काम झालं की खाली आणा. जमिनीवरच्या अंथरुणावर ही सगळी कामं केली तर काही महिन्यांत पाठ जाते. स्वतःच्या कमरेला पट्टा बांधून हे भरून निघत नाही.

तुमच्या स्वतःच्या तब्येतीसाठी फार काही नवीन करायला नको. आजोबांचा रक्तदाब घ्यायला यंत्र काढताच ना? त्याच वेळी तुमचाही घ्या. चहा किंवा तंबाखू घेऊन अर्धा तास झालेला असावा. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसा, आणि दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा. आठवडाभराची सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली तर डॉक्टरांना दाखवा. तुमच्या रक्तदाबाच्या, थायरॉइडच्या, साखरेच्या गोळ्या त्यांच्या गोळ्यांच्या डब्याशेजारीच ठेवा. दुसऱ्याच्या गोळ्या मिनिटावर देणारी माणसं स्वतःच्या आठवडाभर विसरतात. आणि जेवण उभ्यानं, सगळ्यांच्या शेवटी, उरलेलं, असं नको. त्यांना भरवायच्या आधी तुम्ही जेवा. पोट भरलेलं असलं की भरवताना घाई होत नाही, आणि घाई झाली नाही की ठसका कमी लागतो.

आता एक प्रसंग, ज्यात घरचे सर्वांत जास्त घाबरतात. कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज भिंतीवर माणसं दिसतात म्हणते, कपडे ओढते, शिव्या देते. हे वय नाही, वेडही नाही. एक-दोन दिवसांत असा बदल झाला तर त्यामागे बहुधा शारीरिक कारण असतं: लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, कोंडलेलं शौच, रक्तातलं कमी झालेलं सोडियम, उतरलेली साखर, नवी गोळी. ताप बघा, मधुमेह असेल तर साखर बघा. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्धीकडे झुकत असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ बोलवा. साखर ठीक असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. भांडून, समजावून उपयोग नाही. तिला चष्मा आणि कानाचं यंत्र लावा, खोलीत उजेड ठेवा आणि ओळखीच्या एकाच माणसानं जवळ बसावं.

राहिली वाटणी. "मला सोडून त्यांचं कुणालाच जमत नाही" हे वाक्य बऱ्याच घरांत ऐकू येतं, आणि ते खरं असतं, कारण सगळी माहिती एकीच्याच डोक्यात असते. ती कागदावर उतरवा. प्रत्येक गोळीचं नाव, मात्रा, वेळ आणि ती कशासाठी आहे, कशाची अ‍ॅलर्जी, खाणं किती घट्ट, पाणी चमच्यानं की पेल्यानं, शौचाचा दिवस, डॉक्टरांचा नंबर. हा कागद भिंतीवर लावला की दीर, नणंद, शेजारीण, कुणीही चार तास सांभाळू शकतं.

भावंडांशी बोलायचं तर गणपतीला किंवा दिवाळीला सगळे जमतात तेव्हा बोला, पण आरत्या आणि जेवणाच्या गडबडीत नको. एक दुपार ठरवून बसा. "तुम्ही काहीच करत नाही" अशी सुरुवात झाली की बैठक तिथेच संपते. यादी पुढे ठेवा आणि नावं घाला. परगावचा किंवा परदेशातला भाऊ औषधं मागवू शकतो, विम्याची कागदपत्रं सांभाळू शकतो, मावशींचा पगार भरू शकतो, आणि रोज ठरलेल्या वेळी वडिलांशी अर्धा तास व्हिडिओवर बोलू शकतो; तो अर्धा तास तुमचा मोकळा. जवळच्यांनी वर्षातला एक सलग आठवडा तारखांसह घ्यावा. आणि रुग्णाला बोलता येतंय तोवर त्यालाच विचारा: पुन्हा अतिदक्षता विभागात जायचं का, नळीनं अन्न चालेल का. हा निर्णय मध्यरात्री एकट्या सुनेवर येऊ नये. पैशांचं म्हणाल तर ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही. त्यातून योजनेतल्या रुग्णालयांत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. मावशींचा पगार आणि डायपर यांचा खर्च त्यात बसत नाही, म्हणून तो भावंडांनी वेगळा वाटून घ्यावा.

शेवटी रागाबद्दल. तिसऱ्यांदा चादर ओली झाली आणि तुमचा हात जोरात पडला, किंवा पडेल असं वाटलं, तर त्या क्षणी काम अर्ध्यात सोडायला हरकत नाही. रुग्ण पलंगाच्या मधोमध आहे, कठडा वर आहे, एवढं बघा आणि दहा मिनिटं खोलीबाहेर जा. ओली चादर दहा मिनिटं थांबू शकते. असं पुन्हा पुन्हा होत असेल तर तुम्हाला मिळणारी मदत वाढवायची वेळ झाली आहे. दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास असेल, किंवा आधी आवडणाऱ्या कशातच रस वाटत नसेल, तर ते डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत. जीव नकोसा वाटला किंवा "दोघंही सुटलो तर बरं" असा विचार आला तर त्याच दिवशी बोला. टेलिमानस ही सरकारी सेवा २४ तास चालते, मराठीत बोलता येतं, फोन मोफत आहे. नंबर आहे १४४१६. ज्येष्ठांसाठीच्या योजना, निवारा, कायदेशीर अडचणी, किंवा घरात ज्येष्ठांचा छळ होत असेल, तर एल्डरलाइनचा नंबर १४५६७, वेळ सकाळी आठ ते रात्री आठ. पुन्हा एकदा सांगायचं तर मनासाठी एक चार चार एक सहा, आणि ज्येष्ठांसाठी एक चार पाच सहा सात. भिंतीवरच्या त्या कागदावर हे दोन्ही लिहून ठेवा. नमस्कार.