नाक दाबून खाल्लेली गोळी

श्रोतेहो, नमस्कार.

बोलायला सुरुवात करण्याआधी तुम्हाला एक काम सांगते. घरात फळाच्या स्वादाची एखादी गोळी असेल, मुलं चघळतात तसली, तर ती हाताशी घेऊन बसा. तोंडात मात्र लगेच टाकू नका. गोळी नसली तरी अडणार नाही, पण असली तर जास्त गंमत येईल.

लहानपणीच्या खाऊचा विषय निघाला, की आपण सगळे एक वाक्य हमखास बोलतो, ‘आता ती चव राहिली नाही.’ मी बोलते, माझे आईवडील बोलायचे, त्यांच्या आईवडिलांनीही हेच म्हटलं असणार. प्रत्येक पिढीच्या लहानपणी चव होती आणि ती पिढी मोठी झाली की नेमकी निघून गेली! मला हे जरा संशयास्पद वाटतं. कारखानदार कृती बदलतात, स्वस्तातला माल वापरतात, ही तक्रार खोटी नाही. पण त्याच हातांनी, त्याच मापाने, त्याच भांड्यात केलेला घरचा पदार्थसुद्धा ‘तसा’ लागत नाही, तेव्हा दोष कोणाला द्यायचा?

आता ती गोळी घ्या. एका हाताने नाक घट्ट दाबा, गोळी तोंडात टाका आणि सांगा, फळ कुठलं?

नाही सांगता येणार. गोड लागेल, जरासं आंबट लागेल, बस्स.

आता नाक सोडा.

आलं ना फळ? एकदम आलं! जीभ बिचारी मोजकंच ओळखते. गोड, आंबट, खारट, कडू, आणि पाचवी उमामी. समुद्री शेवाळाच्या कढणातल्या या चवीला जपानचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये हे नाव दिलं. आपण तिखट आणि तुरट धरून सहा रस मोजतो, पण तिखट ही खरं तर जळजळ, आणि तुरट म्हणजे तोंड आकसल्याची जाणीव. बाकी ज्याला आपण चव चव म्हणतो, ते बहुतेक सगळं नाकाचं काम. घास चावताना त्याचा वास घशामागून वर नाकात चढतो आणि आपण त्याचं श्रेय जिभेला देऊन मोकळे होतो. सर्दी झाली की जेवण पांचट लागतं ते म्हणूनच. 2020 नंतरच्या त्या साथीत ज्यांचा वास गेला होता, त्यांना हे मी वेगळं सांगायला नको. मराठीला मात्र हे गुपित आधीपासून ठाऊक असावं. खमंग, खरपूस, करपट हे शब्द आपण चवीसाठी वापरतो, पण कुणी न चाखता, नुसत्या दारातूनही ‘खमंग काहीतरी चाललंय’ म्हणू शकतं.

लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या दोघा शास्त्रज्ञांनी 1991 मध्ये वास ओळखणाऱ्या ग्राहकांची, म्हणजे नाकात वास पकडणाऱ्या रिसेप्टरांची, जनुकं शोधून काढली. त्याबद्दल त्यांना 2004 चं नोबेल मिळालं. माणसाच्या नाकात असे ग्राहक सुमारे चारशे प्रकारचे असतात. प्रत्येक वास त्यातल्या काहींना जागवतो, आणि कोणकोण जागं झालं त्यावरून मेंदू वास ओळखतो. पण मला याहून महत्त्वाची वाटते ती पुढची वाट. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूतल्या एका नाक्यावर थांबून मग पुढे जातं. वासाला तो नाका लागत नाही. भावना आणि आठवणी जिथे राहतात, त्या घरात तो जवळजवळ थेट शिरतो. एखादा वास आला की आधी घशात काहीतरी दाटतं आणि कशाचा वास हे नंतर आठवतं. हा उलटा क्रम तुम्हीही अनुभवला असेल.

आणि ही शिकवणी फार लवकर सुरू होते. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतला एक प्रयोग 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. काही गरोदर बायकांना शेवटच्या महिन्यांत गाजराचा रस प्यायला दिला होता. पुढे त्यांच्या बाळांनी गाजराच्या स्वादाची पेज पहिल्यांदा खाल्ली, तेव्हा इतर बाळांच्या मानाने त्यांची तोंडं कमी वाकडी झाली. म्हणजे जगात येण्याआधीच गाजराशी ओळख झालेली!

याहून मजेदार प्रयोग जर्मनीतला, 1999 चा. तिथे एके काळी बाळांच्या दुधाच्या पावडरीत व्हॅनिलाचा वास घालत. ती बाळं मोठी झाल्यावर त्यांना आणि इतरांना दोन प्रकारचे टोमॅटो केचप चाखायला दिले, एक साधा आणि एक किंचित व्हॅनिला घातलेला. आईच्या दुधावर वाढलेल्यांना बहुतांशी साधा आवडला. बाटलीवर वाढलेल्यांपैकी साधारण दोनतृतीयांश लोकांनी व्हॅनिलाचा निवडला. टोमॅटोत व्हॅनिला! त्यांना जर कुणी विचारलं असतं, का आवडला, तर काय सांगितलं असतं त्यांनी? ज्या वयाचं आपल्याला काही म्हणता काही आठवत नाही, त्या वयाचं जिभेला, म्हणजे नाकाला, आठवतं.

आठवणी सगळ्या गोडच असतात असंही नाही. मी सहा-सात वर्षांची असताना मला मोठा ताप आला होता. औषध होतं नारिंगी रंगाचं आणि संत्र्याच्या वासाचं. मुलांना आवडावं म्हणून कुणीतरी प्रेमानेच घातला असेल तो वास. दोनदा प्यायले, दोनदा उलटलं. तेव्हापासून खरं संत्रं मी खाते, पण संत्र्याच्या स्वादाची गोळी आजही नको वाटते. जॉन गार्सिया या शास्त्रज्ञाने 1955 मध्ये उंदरांच्या बाबतीत हेच दाखवून दिलं होतं. गोड पाणी पिताना त्यांना किरणोत्साराने आजारी पाडलं, तर ते पुढे त्या पाण्याला तोंड लावेनात. बाकी धडे घोकावे लागतात, हा एकदाच पुरतो. विषाने मरू नये म्हणून निसर्गाने केलेली सोय आहे ती, आणि माझ्या औषधाची बाटली त्यात उगाच सापडली.

मग ‘ती चव राहिली नाही’ याचं काय? एक तर मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त गोड हवं असतं आणि वाढ संपत आली की ती ओढ कमी होते. तेव्हा जी गोळी कमाल वाटायची, तीच आता घशाला बसते. कडू मुलांना जास्त झोंबतं. वय वाढलं की नाक मंदावतं. म्हणजे पदार्थ जागेवरच आहे आणि आपणच तिथून उठून आलोय.

पण मला खरी ओढ वाटते ती वाट पाहण्याची. गोळी एक आणि भावंडं दोन. कपड्यात धरून दाताने तिचे तुकडे करायचे, मग कुणाचा मोठा यावरून भांडायचं. तुकडा चावायचा नाही, गालात ठेवायचा, आणि मधूनमधून जीभ बाहेर काढून कुणाचा जास्त उरलाय ते एकमेकांना दाखवायचं. एवढं लक्ष देऊन मी त्यानंतर काही खाल्लं असेल असं वाटत नाही. आता अख्खं पाकीट समोर असतं आणि फोनवर बोलता बोलता संपतं.

योहानेस होफर नावाच्या तरुण डॉक्टरने 1688 मध्ये, घरापासून दूर गेलेल्यांच्या दुखण्याला नाव हवं म्हणून ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द बनवला. ग्रीकमध्ये त्याचा एक तुकडा घरी परतणं आणि दुसरा वेदना. मराठीत आपण त्याला स्मरणरंजन म्हणतो. वेदना काढली आणि रंजन घातलं! आपल्या भाषेने बरं केलं की वाईट, यावर माझं अजून मत ठरत नाही. कधी एक पटतं, कधी दुसरं.

तुमची गोळी एव्हाना विरघळत आली असेल. माझ्याकडचं पाकीट मी हे लिहितानाच उघडलं होतं. लाल संपल्या, हिरव्या संपल्या, पिवळ्या दोन उरल्यात. नारिंगी सगळ्या तशाच आहेत. बाहेर तंत्रज्ञ बसलेत, त्यांना विचारते, हव्यात का.

नमस्कार.