कळ येते तेव्हा कंबरेवर हात

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या महिन्यात रात्री दोन वाजता फोन वाजला. कासारवडवलीहून. "ताई, पाणी गेलं." आवाज घाबरलेला, मागे नवऱ्याची बॅग शोधण्याची धांदल. मी तीनच गोष्टी विचारल्या. पाण्याचा रंग कसा आहे, किती वाजता गेलं, बाळ हलतंय ना? पाणी हिरवट किंवा लाल असतं, तर पुढचं बोलणं तिथंच थांबवून त्यांना गाडीत बसवलं असतं. पाणी स्वच्छ होतं, बाळ हलत होतं. तरी आधी डॉक्टरांना फोन करायला लावला. ते म्हणाले, या. मी माजिवड्याला राहते, म्हणून त्यांच्या आधी हॉस्पिटलच्या दारात पोचले. घोडबंदर रोडवर रात्री दोनलाही कंटेनरची रांग लागलेली असते, हे ठाणेकरांना काय सांगायचं!

मी डूलाचं काम करते. शब्द ग्रीक, मूळ अर्थ दासी. डेना राफाएल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तो 1970च्या दशकात नव्या आईला सांभाळणाऱ्या बाईसाठी वापरला आणि तो रूढ झाला. मी नर्स नाही, सुईणही नाही. आतली तपासणी करत नाही, औषध देत नाही, निर्णय घेत नाही. मग करते काय? सोबत. ऐकायला हे फारच किरकोळ वाटतं. माझ्या सासूबाई अजून पाहुण्यांना सांगतात, "आमची सून बाळंतिणीजवळ बसायचे पैसे घेते."

पण या बसण्याचा अभ्यास झालेला आहे. 1980 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्वाटेमालातल्या एका हॉस्पिटलमध्ये काही बायकांजवळ कळा सुरू असताना एक अनोळखी, कसलंही प्रशिक्षण नसलेली बाई बसवली. एकट्या राहिलेल्यांपेक्षा या बायका लवकर मोकळ्या झाल्या. पुढे कॉक्रेन या, जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या 2017च्या आढाव्यात 17 देशांतल्या 15 हजारांहून जास्त बायकांच्या नोंदी एकत्र पाहिल्या. सतत कुणी जवळ असेल तर कळांचा काळ थोडा कमी होतो, सिझेरियन कमी होतात, असंच त्यातून दिसलं.

माझं स्वतःचं पहिलं बाळंतपण एका खाजगी हॉस्पिटलात झालं. अकरा तास एकटी. आई बाहेर बाकावर, नवरा जिन्यात. आत दर तासाला कुणीतरी यायचं, पाहून जायचं. कुणी वाईट वागलं असं नाही. पण भिंतीवरच्या घड्याळाशिवाय माझ्याकडे बघणारं कुणी नव्हतं.

आता नियम बदललेत. सरकारी हॉस्पिटलात कळांच्या वेळी एक सोबतीण असू द्यावी, असं केंद्र सरकारनं 2016मध्येच सांगितलं. ती घरातली बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली. आडोसा असेल तिथं नवराही चालतो. खाजगी ठिकाणी ज्याचा त्याचा नियम. काही ठिकाणी एकालाच आत सोडतात, नवरा किंवा डूला. म्हणून सातव्या महिन्यातच विचारून ठेवा. कळा सुरू झाल्यावर दारात वाद घालण्याइतकं वाईट काही नाही.

एक सांगते, आमच्याच धंद्याविरुद्ध वाटलं तरी. सिझेरियन म्हणजे हार, असं सुचवणारी डूला असेल तर तिला लांब ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या खाजगी हॉस्पिटलांत शंभरातली 47 बाळंतपणं सिझेरियनची होती, सरकारीत 14. या आकड्यांवर प्रश्न जरूर विचारा, पण नवव्या महिन्याच्या तपासणीला, डॉक्टरांसमोर बसून. बाळाचे ठोके उतरत असताना नाही. आणि आपल्याकडे डूलाला सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे आधी दोन-तीन घरांत तिच्याबद्दल चौकशी करा.

जुनं सगळं चांगलं होतं, असंही मी म्हणणार नाही. माहेरची खोली, अळिवाची खीर, मालिशवाली बाई, हे सोनं. पण त्याच खोलीत बाळाला पहिला चीक पाजू देत नसत. शेगडीची धुरी तर बंद फ्लॅटमध्ये नकोच. कोळशाचा वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि जीव घेतो.

खरी गरज लागते ती घरी आल्यावर. विसाव्या मजल्यावरचं घर, नवऱ्याची रजा संपलेली, आई पंधरा दिवसांसाठीच आलेली. बाळ दिवसाला आठ-बारा वेळा पितं. "दूध पुरत नाही" असं शेजारीण म्हणते आणि पोरगी रडते. अशा वेळी मी लंगोट मोजायला सांगते. सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा तरी ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. पहिले आठ-दहा दिवस उगाच रडू येतं, ते ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही ओसरलं नाही, बाळाकडे बघावंसंच वाटलं नाही, तर डॉक्टरांना दाखवा. 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मोफत आहे. आणि तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल तर कुणाला विचारत बसू नका, हॉस्पिटल गाठा.

माझी फी सगळ्यांना परवडत नाही, हे मला माहीत आहे. मग जाऊबाई चालतील, मैत्रीण चालेल. फक्त जी फोनवर न बोलता बसू शकते, आणि "आमच्या वेळी" हे शब्द गिळू शकते, ती निवडा.

कासारवडवलीच्या मुलीच्या नवऱ्याला मी कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या जरा वर, तळवा कसा दाबायचा ते दाखवलं होतं. प्रत्येक कळेला तो दाबत राहिला. संध्याकाळी मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धेश्वर एक्सप्रेसनं सोलापूरहून आई आली, डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. जावई म्हणाला, "मनगट दुखतंय." त्यांनी डबा उघडला आणि पहिला लाडू त्याच्याच हातावर ठेवला.

नमस्कार.